चौथ्या पायरीवरचं शिंग

सरांशी बोलायचं म्हणजे मधेच गप्प बसायची तयारी ठेवावी लागे. आमचं ऑफिस बोईसरला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. खालच्या रस्त्यावरून कारखान्यांकडे जाणारे टँकर दिवसभर चाललेले. टँकर आला की सर हात वर करायचे. वाक्य अर्धं असो, घास तोंडात असो, समोर कोणी मोठा साहेब बसलेला असो, सर डोळे मिटून टेबलावर तळवा ठेवणार आणि टँकर पुढे जाऊन इमारत शांत होईपर्यंत तसेच बसणार. मग म्हणणार, "हं, बोला." तोवर समोरचा काय बोलत होता ते विसरलेला. एकदा बँकेचा माणूस आला होता. तो बिचारा तिसऱ्या टँकरला उठला आणि नमस्कार करून निघून गेला.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून त्यांच्याकडे लागले. वाणगावहून जाऊन-येऊन करायचे. घरी सांगितलं होतं, ऑफिसचं काम आहे, पंख्याखाली बसायचं. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला पाण्याच्या टाकीवर चढवलं. आमचा धंदाच तसा. टाक्या, पूल, कारखान्यांच्या शेड यांना सेन्सर चिकटवायचे, ते बांधकाम कसं थरथरतं ते मोजायचं, आणि आत कुठे काही मोडलंय का ते न फोडता सांगायचं. असं काही सांगता येतं यावर माझ्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "म्हणजे वैदूच की," म्हणायची.

सर मूळचे सोलापूरकडचे. समुद्र त्यांनी नोकरीला आल्यावर पाहिला, आणि मला वाटतं, पाहून फारसे खूशही झाले नाहीत. पालघरला एका खोलीत एकटे राहायचे. बहीण सफाळ्याला होती, तिच्याकडे सणाला जायचे. इस्त्री त्यांना माहीतच नव्हती. खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघणार. चहा आला की आधी कपातल्या तरंगांकडे बघणार, मग पिणार, आणि तोवर त्या चहाचं पार पाणी झालेलं.

आणि ते कधी कुणाला "कसं काय, बरंय ना?" असं विचारायचे नाहीत. "काही बदललं का?" असं विचारायचे. होय म्हटलं की पुढचा प्रश्न, "बदल वाढतोय की कमी होतोय?" माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून रडत होते. सर आले, समोर बसले. मला वाटलं, चला, माणूस काहीतरी धीराचं बोलेल. तर म्हणाले, "त्याचे फोन कमी होत गेले, ते झालंच. पण कमी होण्याचा वेग कधीपासून वाढला, ते आठव." असा संताप आला मला! पाण्याची बाटली हातात होती ती फेकून मारावीशी वाटली. आणि मेलं, घरी जाताना मी खरंच आठवत बसले, आणि उत्तर सापडलं. तेव्हाच कुठेतरी दुसरीकडे बोलणी सुरू झाली असणार. त्या रात्री मला बरी झोप लागली, हेही खरं.

हे सगळं त्यांच्या कामातूनच आलेलं. ते असं समजवायचे, की पूल थरथरतो तेव्हा तो एका ठरावीक रेषेत वाकतो. आत कुठे कमजोर झाला असेल तर तिथे केसभर जास्त वाकतो. नुसत्या रेषेकडे बघून ते दिसत नाही. मग त्या रेषेचा चढउतार काढायचा, मग त्या चढउतारातला बदल, मग त्या बदलातला बदल. प्रत्येक वेळी एक पायरी खाली. चौथ्या पायरीवर पोचलं की ती केसभर गोष्ट एकदम शिंगासारखी वर येते. 'शिंग' हा त्यांचाच शब्द. "चौथ्या पायरीवर खोटं टिकत नाही," असं म्हणायचे, आणि म्हणताना असे खुलायचे की मुलगी बघायला निघालेत असं वाटावं.

अडचण एवढीच की चूकसुद्धा तशीच वर येते. सेन्सर नीट चिकटला नाही, वारा आला, कोणी शिंकलं, तरी त्याचं खाली शिंग होतं. म्हणून जगातली सगळी माणसं ती रेषा आधी थोडी गुळगुळीत करून घेतात. सरांना ते अजिबात चालायचं नाही. "गुळगुळीत करताना पहिली काय पुसली जाते? भेग. मग मोजलंस कशाला?" मी एकदा न विचारता केलं होतं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रेषा जशी आहे तशी ठेवायची आणि मोजताना जिवापाड काळजी घ्यायची, ही त्यांची पद्धत.

एकदा जवळच्या कुठल्यातरी कारखान्यात स्फोट झाला. आमच्या खिडक्यांच्या काचा वाजल्या. सगळा बाजार तोंडाला रुमाल लावून रस्त्यावर. मीही खाली धावले आणि बघते तर सर नाहीत. पुन्हा वर आले. हा माणूस कॉम्प्युटरसमोर! आमच्या इमारतीच्या खांबाला एक सेन्सर कायमचा चिकटवलेला होता, त्याची नोंद बघत बसलेले. "बघ, बघ, कसं छान विझत गेलंय!" मी ओरडले, "सर, माणसं मेली असतील तिकडे!" तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. तोंड एवढंसं झालं. "कुणी गेलं का गं?" गेले होते. सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मला हे आधी विचारायचं सुचलं नाही." त्यांच्या मनात काही नसायचं हो, फक्त ते माणसांपर्यंत उशिरा पोचायचे.

आता पुलाचं सांगते. तारापूरच्या बाजूला खाडीकाठी एक कोळ्यांचं गाव आहे. नाव नको. गावातून पलीकडच्या रस्त्याला जायला खाडीवर एक अरुंद पूल, माणसं आणि रिक्षा जाण्यापुरता. बायका टोपल्या घेऊन त्यावरूनच बाजाराला जायच्या, पोरं शाळेला, दुखणेकरी दवाखान्यात. पूल जुना झाला म्हणून सरकारी खात्याकडून तपासणीचं काम आमच्याकडे आलं.

पूल थरथरायला हवा म्हणून सरांनी बायकांनाच सांगितलं, रोजच्यासारख्या चालत जा. झालं! रोजच्यासारख्या कशाला जातील त्या? हसून हसून वाट लावली. त्यांच्यात हिराबाय म्हणून एक होती, पन्नाशीची, आवाज असा की या काठावरून त्या काठाला भाव सांगेल. म्हणाली, "सर, नुसती चालू का नाचू?"

"नाचू नका. चाला."

"मंग आमाला चालायचं काय देता?"

सर गोंधळले. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे केलं. खोकल्याच्या गोळ्या! हिराबायने एक घेतली, तोंडात टाकली आणि म्हणाली, "चला गो, सरांनी गोडधोड दिलं." त्या दिवशी सर हसले होते. दुपारी तिच्याच ओटीवर जेवलो. तिचा नवरा जाळं शिवत बसला होता, अबोल माणूस, त्याने सरांच्या ताटात न विचारता दुसरा बोंबील वाढला.

आमच्याकडे सेन्सर कमी होते. म्हणून सकाळी पुलाचा अलीकडचा अर्धा भाग मोजला, जेवणानंतर पलीकडचा, आणि ऑफिसात येऊन दोन्ही रेषा जोडल्या. सर एकेक पायरी उतरत गेले. चौथीला शिंग. पुलाच्या मधोमध, असं ठळक की मी आजवर पाहिलं नव्हतं. सर उठून उभे राहिले. मला म्हणाले, "आपण माणसं वाचवली." त्यांचे डोळे भरले होते. खरंच भरले होते, मी खोटं कशाला सांगू.

रिपोर्ट गेला. थोड्याच दिवसांत पुलाच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकले गेले. गावाला सगळ्या खाडीचा वळसा पडला, आणि तो रस्ता म्हणजे निव्वळ खड्डे. बायका चिडल्या, पण हिराबाय त्यांना म्हणायची, सरांनी सांगितलं म्हंजी काय तरी असंल. आणि एका दुपारी जेवता जेवता तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षात घातलं, वळशाच्या रस्त्याने निघाले. दवाखान्याच्या अलीकडेच तो गेला. पुलावरून नेला असता तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

त्यानंतर महिन्याभराने दुरुस्तीसाठी पूल मधोमध फोडला. सर स्वतः वाकून बघत होते. आत काही नव्हतं. काँक्रीट घट्ट, सळ्या स्वच्छ. दुरुस्ती करणारा माणूस म्हणाला, "साहब, इसको तो बेकारमें तोडा." मग फोडलेली जागा भरून टाकली आणि पूल सुरू झाला.

सर ऑफिसात आले ते थेट मोजणीच्या दिवशीच्या मोबाइलवरच्या फोटोंकडे. मी खूप काढले होते, बायकांचे, सेन्सरचे, आपले सहज. सर एक फोटो बघायचे, दुसरा बघायचे, पुन्हा पहिला. मग मोबाइल टेबलावर ठेवला. सकाळच्या फोटोत पुलाच्या खांबांभोवती चिखल होता. दुपारच्या फोटोत पाणी. आम्ही जेवत होतो तेव्हा भरती आली होती. पाण्यात उभा असलेला पूल चिखलातल्या पुलासारखा थरथरत नाही. आम्ही एका पुलाचा अर्धा आणि दुसऱ्याच पुलाचा अर्धा जोडला होता, आणि ते शिंग म्हणजे आमचा जोड होता. उघड्या डोळ्यांनी तो दिसला नसता. चौथ्या पायरीपर्यंत उतरलो म्हणूनच दिसला. जो माणूस टँकर गेल्याशिवाय तोंड उघडत नाही, त्याच्या ध्यानात अख्खी खाडी आली नाही! मला तर रडावं की डोकं आपटून घ्यावं तेच कळेना.

सर म्हणाले, "मी तिला सांगून येतो."

"कशाला सर? काय उपयोग?"

"तिला वाटत असेल, नवरा गेला पण पूल खरंच खराब होता. तेवढंही खोटं आहे."

मी बरोबर गेले. एकट्याला कसं पाठवणार? हिराबाय अंगणात जवळा निवडत होती. सर उभ्या उभ्याच म्हणाले, "बाय, पुलाला काही झालं नव्हतं. माझी चूक झाली." तिने वर पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, अंगावर सूप फेकेल, आणि तिने ते करावं असं सरांनाही वाटत होतं, मला दिसत होतं ते. ती परत खाली वाकली. जवळा निवडत राहिली. बऱ्याच वेळाने सुनेला हाक मारली, "सरांना पाणी दे गो." सर ते पाणी प्यायले. परतीच्या वाटेवर शेताच्या बांधावर बसून सगळं ओकले.

त्यानंतरचे सर म्हणजे वेगळाच माणूस. टँकर आला तरी बोलत राहायचे. खरं तर बोलायचेच नाहीत. कुणी विचारलं, टाकी ठीक आहे का, तर म्हणायचे, "असेलही." अहो, असं बोलणाऱ्याला काम कोण देणार? रिपोर्टातली वाक्यं लांबत गेली आणि अर्थ नाहीसा होत गेला. मी चिडायचे. एकदा म्हटलं, "सर, चूक सगळ्यांची होते." तर म्हणाले, "सगळ्यांची चूक लगेच दिसते गं. माझी चार पायऱ्या उतरल्यावर दिसते, आणि तोवर मी तिला शोध समजतो."

दोन-तीन पावसाळे गेले. त्या गावातूनच निरोप आला. पुलाखालचे काँक्रीटचे ढलपे पडायला लागले होते, वरून रिक्षा गेली की पूर्वीपेक्षा जास्त हलतं असं माणसं म्हणत होती. तपासायला सरच पाहिजेत असा हट्ट हिराबायचा. का, ते मला तेव्हा कळलं नाही. सर नको म्हणत होते. मीच म्हटलं, चला, एकदा नीट करून मोकळे व्हा.

या वेळी सरांनी ओळखीच्या कॉलेजांकडून सेन्सर मागून आणले. सगळे एकाच वेळी लावले, भरती-ओहोटीची वेळ बघून. चूक राहायला कुठे जागाच ठेवली नाही. बायका चालल्या. कुणी हसलं नाही.

आणि शिंग आलं. त्याच जागी.

सर दिवसचे दिवस त्या पडद्यासमोर बसून होते. त्या जागी आता जोड नव्हता, पण तिथे आम्हीच फोडून भरलेला तुकडा होता. भरलेला भाग जुन्यापेक्षा थोडा मऊ असतो, शिंग त्याचंही असू शकतं, आणि तसं असेल तर पुलाला काही धोका नाही. पण त्या भरावाच्या कडेने खारं पाणी आत शिरून सळ्या गंजल्या असतील, तरी शिंग असंच दिसणार. म्हणजे गेल्या वेळी नसलेली भेग आम्हीच शोधायला गेलो आणि शोधता शोधता तयार केली.

"मग फोडून बघू," मी म्हटलं.

"पुन्हा पत्रे ठोकू? पुन्हा वळसा?" सर म्हणाले. "आणि पुन्हा आत काही नसेल तर पुन्हा भरू, आणि पुन्हा तिथेच कमजोर करू."

त्या दिवशी मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रेषा गुळगुळीत करताना पाहिलं. थोडी केली, शिंग लहान झालं. आणखी केली, गेलं. मग परत आणलं. परत घालवलं. लहान पोर दिव्याचं बटण चालू-बंद करतं तसं चाललं होतं. मला बघवेना. मी खाली जाऊन हार्डवेअरच्या दुकानात उभी राहिले.

शेवटी त्यांनी रिपोर्टात लिहिलं, निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. खात्याच्या साहेबांनी एकच बघितलं, धोका आहे असं लिहिलेलं नाही. पूल चालू राहिला.

गावात सांगायला आम्ही दोघं गेलो. हिराबाय पुलाच्या तोंडाशी टोपली खाली ठेवून उभी होती, बाजाराला निघालेली. सरांनी ते सळ्यांचं, भरावाचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येवढं नका सांगू मला. चालू का नको?"

सर पुलाकडे बघायला लागले.

"माजी नात हाय, ती पन ह्यावरनंच जाते शाळेत. तिला पाठवू का नको? तुमच्या पोटात काय हाय तेवढं सांगा. चुकलात तर चुकलात. गेल्या येळी मी काय बोलले तुमाला?"

मग मला कळलं तिने सरांनाच का बोलावलं ते. एकदा चुकलेला माणूस आता तिच्याशी खोटं बोलणार नाही, असा तिचा हिशेब होता. मी बाजूला उभी होते, मनात म्हणत होते, बोला हो, काहीही बोला, हो म्हणा, नाही म्हणा. सर म्हणाले, "बाय, मला नाही सांगता येत."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "तवा म्हायत नव्हतं तरी सांगितलात," ती म्हणाली. "आता म्हायत हाय तर सांगत नाय."

आणि चुंबळ डोक्यावर ठेवून तिने टोपली उचलली आणि पुलावरून चालत गेली. सर कठड्यावर तळवा ठेवून उभे होते. ती पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी श्वास घेतला की नाही मला माहीत नाही.

त्यानंतर ऑफिस बंदच झालं. सर बहिणीकडे सफाळ्याला गेले. मी दुसरीकडे लागले. आता लग्न होऊन चिंचणीकडे राहते, आणि कामावर जाताना खाडीवरच्या मोठ्या रस्त्यावरून तो पूल लांबून दिसतो. पूल आहे. रिक्षा जातात, बायका जातात. हिराबायची नात आता मोठी झाली असेल. पूल उभा आहे याचा अर्थ तो चांगला आहे असा नाही, एवढं मीही शिकलेय. आज उभा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सर सकाळी मला फोन करतात. रोज. बाकी काही नाही, फक्त "आहे ना?" मी म्हणते, "आहे, सर." ते म्हणतात, "बरं," आणि ठेवून देतात. नवरा वैतागतो. मी त्याला सांगितलंय, माझ्या आणि सरांच्या मधे पडू नकोस.

परवा मात्र माझंच डोकं फिरलं होतं. घरात आजारपण, रात्रीची झोप नाही, आणि हा फोन. "आहे ना?" मी म्हटलं, "आहे. सर, एक विचारू? तो पडला तर एकदाचं कळलं म्हणून तुम्हाला बरं वाटेल का?"

विचारलं आणि जीभ चावली. मला वाटलं, आता ठेवून देतील.

मग सर म्हणाले, "हो."

एवढंच म्हणाले. पण फोन ठेवला नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मीही किती वेळ कानाला लावून तशीच उभी होते. शेवटी मीच ठेवला.